वीस गुणांची दया



गेल्या वर्षी दहावीच्या निकालानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर एका मुलाने आमच्या हातावर पेढा ठेवला. अनुदानित मराठी शाळेतला, ७२ टक्के. दिवाळीच्या सुट्टीत तोच भेटला तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "फादर, सायन्स सोडतोय. सर शिकवतात त्यातलं निम्मं कळतच नाही." पुस्तके इंग्रजीत, शिकवणे इंग्रजीत, हे तर झालेच. पण मराठी उतारा वाचून त्याचा आशय चार ओळींत लिहितानाही तो अडखळला. मग ते ७२ टक्के कशाचे होते?

येथे २०१९ चा निकाल आठवावा. त्या वर्षी राज्य मंडळाने भाषांसारख्या विषयांत शाळेने द्यावयाचे २० गुण काढून टाकले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, हे खरे. पण ओरड झाली ती २० गुणांसाठी, आणि पुढच्या वर्षी ते परत मिळाले.

सढळ हाताने गुण देणारे शिक्षक काही वाईट माणसे नव्हेत. पनवेलच्या आसपासच्या शाळांत वीटभट्टीवरची, बांधकामावरची, आदिवासी वाड्यांवरची मुले येतात. नापासाचा शिक्का बसला तर मुलगा मजुरीला जाईल, मुलीचे लग्न उरकले जाईल, हे शिक्षकांना दिसत असते. या शाळा मुले निवडून घेत नाहीत, येईल त्याला घेतात. निवडून घेणाऱ्या शाळांशी त्यांची तुलना करणे आम्हाला तरी अन्यायाचे वाटते.

तरीही प्रश्न उरतो. संत ऑगस्टीन भल्या हेतूने बोललेल्या असत्यालाही असत्यच मानीत. सेमिनरीत असताना आम्हाला हे फार कठोर वाटे. आता वाटत नाही. गुण देणाऱ्याचे काम निकालाला संपते. मुलगा मात्र नोव्हेंबरात एकटा असतो आणि आपणच मठ्ठ आहोत असे समजून बसतो. आठवीतच कोणी त्याला म्हटले असते, "बाळा, तुला अजून नीट वाचता येत नाही, शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांब," तर तीही दयाच होती, पण कष्टाची. साठ मुलांच्या वर्गात ती किती जमेल, हेही आम्ही जाणतो.

आणि आम्ही तरी काय केले? दरवर्षी गुणगौरव समारंभात टक्केवारी मोठ्याने वाचतो, टाळ्या होतात. त्या मुलाला पुष्पगुच्छ आम्हीच दिला होता. यंदाची यादी टेबलावर आली आहे. नावे वाचावीत, टक्के नकोत, असे आम्ही पॅरिश कौन्सिलला सुचवले. काही पालक नाराज आहेत.

तो मुलगा आता आर्ट्सला आहे. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये आपल्यातल्याच एका निवृत्त बाईंकडे वाचायला बसतो. परवा त्याने आम्हाला वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचून दाखवला, तीन ठिकाणी थांबून.