देह ही अमानत : तकदीर, तदबीर आणि व्यायाम

कागल तालुक्यातील मुरगूड हे वेदगंगेच्या खोऱ्यातील कुस्तीची आवड जपणारे गाव. पहाटे एकीकडे फजरची अजान होते, तर दुसरीकडे पोरे तालमीची वाट धरतात. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभारले, त्याच कोल्हापुरात त्यांच्याच काळात, १९१२ साली, खासबागचे कुस्ती मैदानही उभे राहिले. विद्या आणि बल ही दोन्ही माणसाला लागतात, हे या मातीला वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही आपल्या घरांत एक दृश्य नेहमीचे आहे. तरुणपणी लाल माती अंगाला लावलेला मनुष्य चाळिशीनंतर दुकानाच्या गादीवर बसतो, तो उठतच नाही. चार पावलांवरच्या मशिदीतही मोटारसायकलवर जातो. कोणी टोकले, की उत्तर तयार असते, ‘‘तकदीरमध्ये असेल ते होईल.’’ आणि घरात कर्करोगासारखा आजार शिरला, की हेच वाक्य सुस्कारा टाकून पुन्हा उच्चारले जाते.

प्रश्न असा आहे, की जीवन-मृत्यू आणि आरोग्य-आजार जर अल्लाहच्या हाती आहेत, तर आजार टाळण्यासाठी घाम गाळणे हे तवक्कुलच्या विरुद्ध आहे काय?

याचे उत्तर आदरणीय उमर (रजि.) यांच्या खिलाफतीतील एका प्रसंगात मिळते. शामच्या वाटेवर असताना पुढच्या प्रदेशात प्लेग पसरल्याची वार्ता त्यांना कळली. सहाबांशी विचारविनिमय करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. तेव्हा आदरणीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, की हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता, की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. उंटांसमोर एक हिरवी आणि एक ओसाड अशा दोन बाजू असतील, तर शहाणा मनुष्य हिरव्या बाजूलाच चारेल, आणि तेही अल्लाहच्या तकदीरप्रमाणेच असेल. सारांश, तदबीर ही तकदीरची वैरीण नसून तिचाच एक भाग आहे.

आता वैद्यकशास्त्राने ‘हिरवी बाजू’ कोणती दाखवली आहे, ते पाहू. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे १४ लाख लोकांच्या माहितीचा विचार झाला. फावल्या वेळात अधिक शारीरिक हालचाल करणाऱ्यांमध्ये २६ पैकी १३ प्रकारच्या कर्करोगांचा धोका कमी आढळला. मोठे आतडे, स्तन आणि गर्भाशयाचे अस्तर यांच्या कर्करोगांबाबत पुरावा विशेष बळकट आहे. कारणेही समजण्यासारखी आहेत. व्यायामाने अतिरिक्त चरबी घटते, रक्तातील इन्सुलिन आणि काही संप्रेरकांचे प्रमाण आटोक्यात राहते, शरीरातील दीर्घकाळचा दाह कमी होतो, आणि अन्नाचा निरुपयोगी भाग आतड्यात फार काळ साचून राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम करावेत. रोज अर्धा तास झपाझप चालले, तरी पहिली अट पूर्ण होते. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला म्हणजे गती योग्य समजावी. आपल्यापैकी काहीजण म्हणतात, ‘‘नमाज हाच आमचा व्यायाम.’’ नमाजने शरीराची हालचाल होते हे खरे. पण नमाज ही इबादत आहे, तिला कसरतीच्या मापाने मोजू नये आणि तिच्या आडून आळसही लपवू नये. त्यापेक्षा मशिदीत पायी जावे. त्या वाटेवरील प्रत्येक पावलाचे पुण्य आपल्याला सांगितले गेलेच आहे.

या बाबतीत आपण पुरुष स्त्रियांचे देणे लागतो. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो, आणि २०२२ सालच्या एका जागतिक अंदाजानुसार भारतातील सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची शारीरिक हालचाल अपुरी आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपली पत्नी आदरणीय आयशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपल्या घरांत सुनेला किंवा आईला चालण्यासाठी रोजचा अर्धा तास मिळू नये, ही धर्मनिष्ठा नव्हे. घरकामाचे कष्ट थोडे नाहीत. पण त्यांतून तिला स्वतःसाठी वेळ काढून देणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. व्यायाम धोका कमी करतो. अभय देत नाही. रोज मैलभर चालणाऱ्यालाही कर्करोग होऊ शकतो. म्हणून कोणा रुग्णाच्या उशाशी बसून, ‘‘तुम्ही देहाची काळजी घेतली नाही,’’ असे म्हणणे हा जुलूम आहे. प्रेषित अय्यूब (अ.) दीर्घ आजाराने पीडित होते, तरी अल्लाहचे प्रिय दास होते. श्रद्धावंताला काटा टोचला तरी त्याच्या चुका झडतात, अशी शिकवण आपल्याला मिळाली आहे. आजार हा गुन्ह्याचा पुरावा नसतो. तसेच, तंबाखूच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले निपाणी आपल्या शेजारीच आहे. तोंडात तंबाखूची गोळी ठेवून मारलेल्या फेऱ्यांनी कोणाची फसवणूक होते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हदीसमध्ये येते, की कियामतच्या दिवशी दासाला त्याच्या आयुष्याबद्दल, ज्ञानाबद्दल आणि संपत्तीबद्दल जसे विचारले जाईल, तसेच त्याने आपला देह कशात झिजवला हेही विचारले जाईल. देह किती वर्षे टिकला, हे त्या प्रश्नात नाही. हिशेब प्रयत्नांचा आहे, परिणामाचा नाही, परिणाम अल्लाहचा. याच विचाराने निरोगी मनुष्याचा आळस जावा आणि रुग्णाच्या मनावरचे ओझेही उतरावे.

तेव्हा उद्या फजरनंतर पुन्हा अंथरुणाकडे वळण्याऐवजी सर पिराजीराव तलावाच्या दिशेने पावले टाका. निय्यत एवढीच असू द्या, की ज्याने ही ठेव दिली, त्याच्या हाती ती शक्य तितकी जपून परत करायची आहे. अल्लाह आपणा सर्वांना त्याचे सामर्थ्य देवो आणि आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो. आमीन.