मधल्या खंडाची थकबाकी

तीन खंडांत सांगितलेल्या चित्रकथेविषयी रसिकांचा निवाडा बहुधा ठरलेला असतो: पहिला खंड उत्कट, दुसरा उतरता, आणि तिसऱ्याने घराण्याची अब्रू राखली तरी पुष्कळ. या चढउताराची कारणे दिग्दर्शकाच्या थकव्यात, निर्मात्याच्या लोभात किंवा प्रेक्षकाच्या वाढत्या अपेक्षेत शोधली जातात, आणि पुष्कळदा ती तिथे सापडतातही. परंतु सत्यजित राय यांच्या अपूच्या कथेपाशी आले की हा प्रश्न कलेचा इलाखा सोडून धर्माच्या इलाख्यात शिरतो.

'पथेर पांचाली' (१९५५) पैशाअभावी रखडला होता. पश्चिम बंगाल सरकारच्या खजिन्यातून हप्त्याहप्त्याने आलेल्या रकमेवर तो तडीस गेला, आणि कलकत्त्याने त्याला डोक्यावर घेतले. पुढच्याच वर्षी आलेल्या 'अपराजितो'कडे त्याच प्रेक्षकांनी पाठ फिरवली. १९५७ साली व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला तरी घरचा निकाल काही फिरला नाही. त्रयी करण्याचा मूळ बेत नव्हताच. व्हेनिसला कोणी विचारले म्हणून राय 'होय' म्हणून गेले, आणि मधल्या काळात दोन निराळे चित्रपट करून त्यांनी १९५९ साली 'अपूर संसार' दिला. तो पुन्हा लोकांना भावला.

माझ्या मते तिघांत दुसराच श्रेष्ठ. आणि लोक रुसले ते त्यातील उणिवेवर नव्हे, तर त्याने मांडलेल्या हिशेबावर.

आपल्या शास्त्रांनी मनुष्य जन्मतःच ऋणी ठरविला आहे: देवांचे ऋण यज्ञाने, ऋषींचे अध्ययनाने आणि पितरांचे संततीने फेडावे, अशी ती व्यवस्था. पण यांपैकी दोन फेडी एकमेकींच्या आड आल्या तर काय करावे, याविषयी दफ्तर मुके आहे; आणि आईच्या नावाचे तर त्यात स्वतंत्र खातेच नाही. नवरा आणि मुलगी गमावलेली अपूची आई सर्वजया 'अपराजितो'त आपल्या एकुलत्या मुलाला साठवणीतले पैसे देऊन कलकत्त्यास शिकायला धाडते, म्हणजे ऋषिऋण फेडण्याची मुभा देते, आणि त्या मुभेचीच किंमत तिला मोजावी लागते. सुटीत घरी आलेल्या अपूला ती रात्री हळूहळू विचारीत असते, की मी आजारी पडले तर तू काळजी घेशील ना, कमावता झालास की माझ्यावर औषधोपचार करशील ना. उत्तर येत नाही म्हणून ती पाहते, तर मुलगा केव्हाच झोपी गेलेला. इथे कोणी दुष्ट नाही. अपूने जाणूनबुजून काही नाकारलेले नाही, उलट एकदा स्टेशनवर जाऊन तो गाडी मुद्दाम सोडतो आणि आणखी एक दिवस आईपाशी राहतो. तरीही थकबाकी राहते ती राहतेच. तो परतण्यापूर्वी आई गेलेली असते, आणि श्राद्ध इथेच कर असे वडीलधारे सांगत असताना तो कलकत्त्यात कालीघाटावर करीन असे म्हणून गाठोडे उचलतो.

विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या मूळ कादंबरीत तर आईच्या मृत्यूची वार्ता कळताच अपूला क्षणभर सुटकेचा आनंद होतो, असे स्पष्ट लिहिले आहे, आणि रायांना मोह पडला तो नेमका त्याच जागेचा. मुलाचे वाढणे आणि आईचे रिते होणे ही एकच घटना आहे, हे सत्य ज्या समाजात मातृभक्तीचे देव्हारे घरोघरी आहेत त्याने तिकीट काढून पाहावे, ही अपेक्षाच धाडसाची होती. कर्ज कसे चढते ते पाहताना आपण रडतो आणि कसे फिटते ते पाहताना सुखावतो; मात्र न फिटलेल्या कर्जाचा कागद कोणी समोर धरला की आपणच आरोपी असल्याचा भास होतो, आणि मग 'या खंडात पहिल्याची सर नाही' अशी कैफियत आपण गुदरतो.

तिसऱ्या खंडाची लोकप्रियता मला यामुळेच थोडी संशयास्पद वाटते, जरी शर्मिला टागोर आणि सौमित्र चट्टोपाध्याय यांच्या त्या दरिद्री खोलीतल्या संसाराला तोड नाही हे कबूल. तिथे पितृऋणाचा मार्ग समोर असतो, पण पत्नी अपर्णेचा जीव घेऊन जन्मला म्हणून अपू आपल्या मुलाचे, काजलचे, तोंडही पाहत नाही. वर्षे जातात, आणि शेवटी तो आला तरी मुलगा त्याला बाप मानायला तयार नसतो. तू कोण, असे विचारल्यावर अपू मित्र म्हणून ओळख देतो, आणि बापाकडे नेशील का असे विचारणाऱ्या त्या मुलाला खांद्यावर घेऊन निघतो. फेड झाली खरी, पण बेनामी झाली; आणि सर्वजयेच्या पदरी तीतून काहीच पडले नाही, ही गोष्ट त्या शेवटाने सुखावलेल्या प्रेक्षकाच्या ध्यानीही येत नाही.