स्पाइक गेला, की दिसेनासा झाला?

स्वस्त किटच्या फंक्शन जनरेटरमधून निघणाऱ्या साइन वेव्हच्या माथ्यावर बारीक स्पाइक दिसला, की माझ्या मनात पहिला प्रश्न उठतो तो ‘हा कसा घालवू?’ असा. ‘हा आला कुठून?’ हा प्रश्न मागाहून येतो, आणि घाई असली तर येतही नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढूनही हा क्रम उलटत का नाही?

पहिली गोष्ट म्हणजे, घालवायची साधनं हाताशीच असतात. ऑसिलोस्कोपला २० मेगाहर्ट्‌झची बँडविड्थ मर्यादा लावली, की फार वेगवान टोकं बोथट होतात. अ‍ॅव्हरेजिंग चालू केलं, की ट्रिगरशी न जुळणारे स्पाइक विरून जातात. पण शोध घ्यायलाही हीच बटणं लागतात. अ‍ॅव्हरेजिंगनंतरही टिकलेला स्पाइक लहरीच्या चक्राशी बांधलेला असतो, विरलेला बहुधा बाहेरचा. ट्रिगर ‘लाइन’वर ठेवल्यावर स्पाइक जागच्या जागी थांबला, तर त्याचं नातं ५० हर्ट्‌झच्या मेन्सशी आहे. बटण तेच असतं. मी ते शोधायला दाबलं की झाकायला, हे फक्त मला ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट संशयाची. प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला टेकवून सर्किटजवळ धरायचं, ही मिनिटभराची तपासणी. स्क्रीनवर सरळ रेष यायला हवी. तिथेही स्पाइक दिसला, तर ग्राउंड वायरचा लांब लूपच तो गोळा करतोय. जनरेटरला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तरी ही तपासणी करायला हात चटकन का वळत नाही? कारण स्वस्त किटवर संशय घेणं सोपं आहे. स्वतःच्या जोडणीवर घेणं जड जातं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. समजा स्पाइक खरोखर जनरेटरचाच निघाला. एक्सआर-२२०६ या आयसीच्या किटमध्ये असं होतं. कपॅसिटर ठरावीक करंटने चार्ज-डिस्चार्ज होतो, त्यातून त्रिकोणी लहर तयार होते आणि तिलाच गोलाई देऊन साइन मिळते. चार्जिंगची दिशा पालटते, तो क्षण म्हणजे लहरीचा माथा किंवा तळ. नेमक्या त्याच क्षणी ११ नंबरच्या पिनवर स्क्वेअर वेव्ह उडी घेते आणि तिचा अंश साइनमध्ये झिरपतो. त्या पिनचा पुल-अप रेझिस्टर काढल्यावर स्पाइक लहान झाला, तर माग लागला. पुढचं काम कटकटीचं: स्क्वेअर वेव्हची वायर आउटपुटपासून लांब न्यायची, ग्राउंडची वाट सुधारायची, सप्लायच्या पिनशेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवायचा.

त्यापेक्षा आउटपुटवर ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकून वेळ मारून नेता येते. या आयसीचा आउटपुट इम्पीडन्स साधारण ६०० ओहम, म्हणजे सुमारे २६ किलोहर्ट्‌झपासून सिग्नल पडू लागतो. १ किलोहर्ट्‌झला लहर झकास दिसते. बरीचशी प्रॅक्टिकल्स तिथेच उरकतात आणि जर्नलवर सही होते. १०० किलोहर्ट्‌झला मात्र आउटपुट चौथ्या हिश्श्यावर येतं. पुढच्या बॅचचा एखादा विद्यार्थी त्या फ्रीक्वेन्सीला अ‍ॅम्प्लिफायर तपासेल, गेन कमी भरला म्हणून स्वतःचं सर्किट पुन्हा पुन्हा सोडवून जोडेल. माझी सोय त्याच्या खात्यावर मांडली जाईल आणि त्याला ते कळणारही नाही. स्पाइक घालवण्याच्या घाईत मी सर्वांत कमी विचार करतो तो त्याचाच.

कपॅसिटर लावण्यात पाप नाही. कुठल्या जागी, किती मूल्याचा, कोणत्या फ्रीक्वेन्सीपर्यंत चालेल, एवढी चिठ्ठी जनरेटरवर चिकटवली, तर तो रीतसर उपाय आहे. चिठ्ठी नसेल, तर ती फसवणूक आहे, मग हेतू कितीही भाबडा असो. तुमच्या टेबलावरच्या जनरेटरची साइन फारच नितळ दिसत असेल, तर एकदा १०० किलोहर्ट्‌झ लावून आउटपुट मोजा.