घर कोणासाठी?

(चिंतनासाठी : मार्क ७:९-१३)



पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलै महिन्यातील चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी राखून ठेवला. त्यानिमित्त आज एका अवघड प्रश्नावर चिंतन करू या. बुलढाणा जिल्ह्यात आपल्या कितीतरी घरांत आता दोनच म्हातारी माणसे उरली आहेत. मुले पुण्या-मुंबईला. वडील अंथरुणाला खिळले, की सांभाळायला माणूस ठेवण्यासाठी किंवा वृद्धाश्रमासाठी दरमहा पैसे लागतात. पेन्शन नाही, शिल्लक नाही. आहे ते फक्त घर. मग मिस्सानंतर कोणी हळूच विचारते, "फादर, घर विकले तर पाप लागेल का? ते मुलांचे आहे ना?"

प्रभू येशूने परुश्यांना 'कुर्बान' या शब्दावरून खडसावले. आईबापांच्या उपयोगी पडेल असे धन देवाला अर्पण केले, असे सांगून मुले हात झटकीत. आज आपण 'कुर्बान' म्हणत नाही, 'वारसा' म्हणतो. घराला हात लावायचा नाही. आई मात्र औषधावाचून राहिली तरी चालेल! शब्द बदलला, ढोंग तेच.

संत थॉमस अक्विनास शिकवतात, की मालमत्ता बाळगण्याचा हक्क माणसाला आहे, पण तिचा उपयोग गरजेसाठी व्हावा. घर हे साधन आहे. साध्य आहे माणूस. म्हणून म्हातारपणी स्वतःच्या सेवेसाठी स्वतःचे घर उपयोगात आणणे हे पाप नव्हे. कायदाही हेच सांगतो. आपणा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. आईवडिलांच्या मालमत्तेत मुलांना जन्मामुळे वाटा मिळत नाही.

बेनसिराच्या ग्रंथातील ३३ व्या अध्यायात एक शहाणा सल्ला आहे : जिवंतपणी आपली मालमत्ता दुसऱ्याच्या हाती सोपवू नये, मुलांच्या हाताकडे पाहण्यापेक्षा मुलांनी आपल्याकडे मागावे हे बरे. तेव्हा बक्षीसपत्रावर सही करण्याआधी थांबा. द्यायचेच असेल तर 'आमचा सांभाळ करावा' ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमानुसार, ही अट मोडल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते.

२००७ सालीच बँकांची उलट गहाण योजनाही आली. साठीपुढील घरमालकाला बँक घरावर ठरावीक रक्कम देते, तो त्याच घरात राहतो, आणि पुढे घर विकून कर्ज वसूल होते. वारसांना कर्ज फेडून घर राखताही येते. मात्र घर सोडून कायमचे वृद्धाश्रमात गेल्यास कर्ज फेडावे लागते. शिवाय मालकीचे कागद चोख लागतात. गावठाणातील पुष्कळ घरांना ग्रामपंचायतीच्या नमुना आठशिवाय कागद नाही, आणि तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. अशांनी आधी कागद नीट करावेत. घर भाड्याने देणे हाही एक मार्ग आहे.

पण दुसरी बाजूही पाहू या. गावी राहून आईवडिलांचे सारे करणारा एखादा मुलगा, एखादी सून असते. तेच त्यांचे छप्पर असते. त्यांच्या पाठीमागे घराचा व्यवहार करणे हाही अन्यायच. सर्वांना एकत्र बसवा, प्रार्थना करा आणि मोकळेपणाने बोला.

आणि मुलांनो, घराच्या पैशातून वृद्धाश्रमाचा खर्च भागला म्हणजे चौथी आज्ञा पाळली असे होत नाही. पैशाने खाट मिळते, जेवण मिळते. उशाशी बसणारा मुलगा मिळत नाही.

क्रुसावर येशूजवळ मागे ठेवायला घर नव्हते. अंगावरचे कपडेही सैनिकांनी वाटून घेतले होते. तरी त्याने आईची सोय केली, आणि योहानाने तिला आपल्या घरी नेले. आपले घर कोणासाठी आहे, हे त्या क्रुसाखाली उभे राहून ठरवू या.

हे प्रभो, आमच्या घरांतील वृद्धांना आधार दे, आणि आम्हांला वारशाआधी आईबाप दिसू देत. आमेन.