वेदना आणि तेलाचा हात

देहाची वेदना निमूटपणे सोसावी की तिच्यावर उपाय करावा, हा प्रश्न आमच्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांना अनेकदा पडतो. आयुष्यभर वाडीत राबलेली, डोक्यावरून पाट्या वाहिलेली शरीरे साठीनंतर कुरकुरू लागतात. मुलगी गुडघ्यांना तेल चोळावयास बसली, तर आई म्हणते, "राहू दे बाय, प्रभूने दिलेला क्रूस आहे." या उद्गारातील श्रद्धेपुढे आम्ही नतमस्तक होतो, परंतु त्यामागील विचार तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

वेदनाशमन नाकारण्याचे बंधन ख्रिस्ती माणसावर आहे काय, हा प्रश्न वैद्यांनी पोप बारावे पायस यांच्यापुढे ठेवला होता. तसे सर्वसाधारण बंधन नाही, असे उत्तर त्यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी दिले. कोणी स्वेच्छेने वेदना अर्पण केली, तर ते थोरच. मात्र ती सर्वांवर लादता येत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ साली दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्यात दुःखाला तारणकार्यात स्थान देतानाच त्यांनी दयाळू शोमरोन्याचा दाखला विस्ताराने उलगडला. त्या शोमरोन्याने जखमी माणसाला सहनशीलतेचा उपदेश केला नाही. त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला.

तेलाच्या हाताची मर्यादाही ओळखावयास हवी. मर्दनाने ताठरलेले स्नायू सैलावतात, दुखणे काही काळ हलके होते. पण झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही. त्यास चालण्याची व योग्य व्यायामाची जोड लागते. सांधा लाल होऊन सुजला असेल, हाड मोडल्याचा संशय असेल, किंवा एकच पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असेल, तर चोळू नये, डॉक्टरांना दाखवावे. पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी अजाण मायाही अपाय करते.

एरवी मात्र मायेने पुढे आलेला हात का नाकारावा? कालव्हरीच्या वाटेवर कुरेनेकर शिमोनाचा खांदा प्रभूनेही नाकारला नाही. मदत स्वीकारणे हीसुद्धा नम्रता आहे, आणि सेवा करणाऱ्यास प्रेमाची संधी देणे हे दानच आहे.

आणखी एक गोष्ट तरुणांनी ध्यानी घ्यावी. आपली वेदना आपण प्रभूला अर्पण करू शकतो. दुसऱ्याची वेदना परस्पर अर्पण करून मोकळे होण्याचा अधिकार आम्हां कोणालाच नाही. "देवाची इच्छा" असे म्हणून म्हाताऱ्या आईच्या खोलीचे दार लोटून घेणे, ही श्रद्धा नव्हे. तिच्या पायांशी अर्धा तास बसणे, ही प्रार्थनाच होय.