शिकलेलं कोणत्या खात्यात टाकायचं?

नागपुरात गांधीसागर तलावासमोर रमण विज्ञान केंद्र आहे. १९९२ साली ते सुरू झालं. शाळांच्या सहली येतात, मुलं तारांगण बघतात आणि चंद्रशेखर वेंकट रमण यांना १९३० साली नोबेल मिळालं एवढं लक्षात ठेवून परत जातात. हेच रमण कधीकाळी या गावात नोकरीला होते, हे फारसं कोणी सांगत नाही. ती नोकरी प्रयोगशाळेतली नव्हती, सरकारच्या हिशेब खात्यातली होती. १९१० साली रंगूनहून बदली होऊन ते नागपूरला आले आणि पुढच्याच वर्षी बढतीवर कलकत्त्याला गेले. एक शिकून भलत्याच, म्हणजे अकाउंट्सच्या, कामाला लागलेला माणूस आज धंतोलीतल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात भेटतो. शतकापूर्वी तसाच एक इथल्या सरकारी कचेरीत बसत होता.

रमण हिशेबाकडे वळले त्याची कारणं आजच्या कुठल्याही घरात समजतील अशी आहेत. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते पहिले आलेले, एम.ए. व्हायच्या आधीच त्यांचा शोधनिबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आलेला. पण भौतिकशास्त्र शिकलेल्या हिंदी तरुणाला तेव्हा देशात पोटापाण्याची वाट जवळजवळ नव्हती. इंग्लंडला जावं, तर तिथली हवा या प्रकृतीला सोसणार नाही, असं मद्रासच्या सिव्हिल सर्जनने सांगितलं. थोरला भाऊ वित्त खात्यात होताच. रमणांनी त्याच खात्याची परीक्षा दिली, पहिला नंबर काढला आणि १९०७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते कलकत्त्यात सहायक महालेखापाल झाले. पुढची दहा वर्षं, रंगून-नागपूरचा काळ सोडला तर, कचेरी सांभाळून ते सकाळी आणि रात्री बहुबाजार स्ट्रीटवरच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’मध्ये तंतुवाद्यांच्या कंपनांवर काम करत राहिले. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठाची पालित प्राध्यापकी त्यांनी घेतली, तीही पगारावर बरंच पाणी सोडून.

ही गोष्ट आपण नेहमी सुटकेची गोष्ट म्हणून सांगतो. हिशेबाच्या कचेरीत अडकलेला शास्त्रज्ञ अखेर मोकळा झाला, असा तिचा सूर असतो. रमणांपुरती ती खरीही आहे. पण या सांगण्यात एक अन्याय दडलेला आहे. जे परत गेले नाहीत, त्यांच्या वाट्याला या गोष्टीत काहीच येत नाही. आणि परत न जाणारेच संख्येने नेहमी जास्त असतात.

नागपूर हे अशा माणसांचं गाव आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे. १९५७ साली आयकर अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण महाविद्यालय म्हणून ती सुरू झाली. यूपीएससीतून भारतीय महसूल सेवेत निवडलेले आयकर अधिकारी इथे घडतात. त्यांत इंजिनिअर असतात, डॉक्टर असतात, इतिहास नि साहित्य शिकलेलेही असतात. ज्याने काल-परवापर्यंत रुग्णाची नाडी पाहिली, तो इथे नफा-तोटा पत्रक वाचायला शिकतो. सिव्हिल लाइन्समध्ये महालेखापालांचं कार्यालय आहे. तिथे लेखापरीक्षक म्हणून लागायला कॉमर्सचीच पदवी हवी असं नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर स्पर्धा परीक्षेतून येतो आणि खात्याच्या परीक्षा देत देत हिशेब शिकतो. सीए व्हायचं असेल तर कॉमर्सबाहेरच्या पदवीधराला साठ टक्के गुणांवर पहिली पायरी वगळून थेट इंटरमिजिएटला प्रवेश आहे. पुढे दोन वर्षांची आर्टिकलशिप. दार उघडं आहे. आत आल्यावर मात्र घरून प्रश्न येतो तो यायचाच: ‘मग इतकी वर्षं इंजिनिअरिंग शिकून काय उपयोग झाला रे?’

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी, बाहेरून आलेल्याला इथे जड काय जातं ते पाहायला हवं. बेरीज-वजाबाकी जड जात नाही. जड जातं ते सत्याचं वेगळं रूप. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य तीन वर्षं धरलेलं आहे. इंजिनिअर म्हणतो, माझा लॅपटॉप सातव्या वर्षीही चालतोय, मग त्याची किंमत तुम्ही तिसऱ्या वर्षीच जवळजवळ संपवता कशी? मोजलं कोणी? कोणीच मोजलेलं नसतं. घसारा हे यंत्राविषयीचं विधान नाहीच. यंत्रावर झालेला खर्च कोणत्या वर्षांच्या माथी किती मारायचा, याविषयीचा तो ठराव आहे. दोन कंपन्यांचा नफा एका मापाने मापता यावा, म्हणून चार माणसांनी बसून केलेला. विज्ञान शिकलेल्याला आधी ही लबाडी वाटते. हळूहळू कळतं की लबाडी टाळण्यासाठीच हा ठराव केलेला आहे. तो नसता तर ज्याला जसा नफा दाखवायचा तसा त्याने दाखवला असता.

दुसरी गोष्ट पुराव्याची. प्रयोगशाळेत निसर्ग तुमच्यापासून काही लपवायला बसलेला नसतो. तो अवघड असेल, पण अप्रामाणिक नसतो. इतवारीतल्या गोदामात साठ्याची मोजणी करायला गेलेल्या आर्टिकलला मात्र समोरच्या थप्प्या मोजून भागत नाही. मागच्या रांगेतली पोती भरलेली आहेत का, हा माल याच मालकाचा आहे का, कालच्या तारखेचं बिल आज तर फाडलेलं नाही ना, हे सगळं विचारावं लागतं; आणि तेही मालकाचा अपमान न करता, त्याने आणून दिलेला चहा पीत. संशय हा इथे कामाचा भाग आहे, स्वभावाचा होता कामा नये. हे कुठल्याच पदवीला शिकवत नाहीत, बी.कॉम.लाही नाही. त्या अर्थाने सगळेच इथे बाहेरून आलेले असतात.

आता उलट बाजू बघू: बाहेरून येणारा काय घेऊन येतो? हिशेबनीसांची एक जुनी युक्ती आहे. दोन आकडे जुळत नसतील तर फरकाला नऊने भागून बघायचं. भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असणार. आता टॅलीमध्ये जमा-नावे सारखं असल्याशिवाय व्हाउचर पुढेच सरकत नाही, त्यामुळे तेरीज जुळतेच. पण बँकेचं स्टेटमेंट आणि आपलं खातं, पुरवठादाराची वही आणि आपली नोंद, यांत फरक निघायचा तो निघतोच. समजा ७,१३९ रुपयांचं बिल १,७३९ म्हणून चढलं. फरक ५,४००, नऊने भागलं तर नेमके सहाशे. जुना अकाउंटंट इथे लगेच अदलाबदल शोधायला लागतो. गणित शिकलेली मुलगी क्षणभर थांबते. हे असं का होतं ते तिला ठाऊक असतं: शेजारच्या दोन अंकांची जागा बदलली की फरक नेहमी नऊच्या पटीत येणार, कारण दहापट आणि एकपट यांतलं अंतरच नऊ आहे. आणि त्यामुळेच तिला हेही ठाऊक असतं की उलटं विधान खरं नाही. ५४० च्या जागी चुकून ५,४०० पडले तरी फरकाला नऊने भाग जातो, आणि ५,४०० रुपयांचं एक अख्खं बिल चढवायचं राहून गेलं तरीही जातो. म्हणून ती अदलाबदल शोधता शोधता जास्तीचं शून्य आणि राहिलेलं बिलही शोधते. दोघांच्या हातात युक्ती एकच. फक्त तिला त्या युक्तीची हद्द माहीत असते.

हद्द माहीत असणं, ही एका विषयाने दुसऱ्या विषयाला दिलेली खरी देणगी. दुनोंदी पद्धतीचा पहिला गाजलेला छापील ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये निघाला, तो लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूचा आणि गणितज्ञाचा. चारशे वर्षांनी, १८९४ साली, याच पद्धतीवर एक छोटं पुस्तक लिहिलं केंब्रिजच्या आर्थर केलीने. मॅट्रिक्सच्या बीजगणितामुळे आज इंजिनिअरिंगच्या पोरांना हे नाव ठाऊक असतं. व्यापाऱ्यांनी ही पद्धत वापरून वापरून घडवली. पण तिच्याकडे जरा लांबून पाहून तिचं शास्त्र सांगायला बाहेरचे आले.

आपल्याकडची हिशेबाची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट तर संताची आहे. एकनाथ देवगडावर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैचा मेळ बसेना. रात्रभर बसून त्यांनी ती चूक हुडकली आणि आनंदाने टाळी वाजवली. एका पैच्या चुकीत एवढं मन लागतं, तर हेच मन ईश्वराकडे लागलं तर काय होईल, अशा अर्थाचं स्वामी बोलले. कीर्तनात ही कथा बहुधा पैसा तुच्छ म्हणून सांगतात. मला ती उलट वाटते. स्वामींनी हिशेब हलका ठरवला नाही. हिशेबात दिसलेली एकाग्रता पाहूनच शिष्याची योग्यता ओळखली. एका कामातून दुसऱ्या कामात जाताना माहिती मागे राहते. लक्ष देण्याची सवय तेवढी बरोबर येते.

म्हणून मागे राहतं ते नाकारू नये. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीचा ब्युरेटवरचा हात दोन-चार वर्षांत जातो. इंजिनिअरला डिफरन्शियल इक्वेशन सोडवता येत नाही. न वापरलेल्या ज्ञानालाही घसारा लागतो. शिवाय कित्येकांनी ही वाट हौसेने निवडलेली नसते. ज्या शाखेत सीट मिळाली तिच्यात नोकरी मिळाली नाही, एवढंच कारण असतं. त्यावर ‘कोणतंच शिक्षण वाया जात नाही’ असं गोड वाक्य चिकटवणं हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे. काही गोष्टी खरंच वाया जातात.

पण किती गेलं, हे ठरवायचं कसं? इथे हिशेबशास्त्राचंच म्हणणं ऐकण्यासारखं आहे. अमूर्त मालमत्तेविषयी आपल्याकडे लेखा मानक २६ आहे. पेटंट, कॉपीराइट, सॉफ्टवेअर ताळेबंदात मालमत्ता म्हणून येऊ शकतात. पण नोकरांच्या प्रशिक्षणावर केलेला खर्च येऊ शकत नाही. तो त्या-त्या वर्षीच नफा-तोट्यात खर्ची टाकावा लागतो. कारण सरळ आहे. त्या कौशल्यातून उद्या फायदा होईलही, पण त्यावर कंपनीचा पुरेसा ताबा नाही. शिकलेला माणूस उद्या उठून चालता होईल.

घरातली माणसं हिशेब मांडतात तेव्हा दोनपैकी एक चूक करतात. एक तर म्हणतात, चार वर्षं घातली आहेत, तेव्हा आता त्यातच राहा; म्हणजे झालेला खर्च पुढच्या निर्णयाच्या डोक्यावर बसवतात. नाहीतर म्हणतात, सगळं पाण्यात गेलं; म्हणजे ताळेबंदात दिसत नाही म्हणून ते शून्य धरतात. मानक यांतलं काहीच म्हणत नाही. हे कौशल्य निरुपयोगी आहे, असंही ते म्हणत नाही. ते इतकंच म्हणतं की यावर आपला पुरेसा ताबा नाही, म्हणून याचा आकडा आम्ही मालमत्तेत लिहीत नाही. आपल्या ताब्यात काय नाही हे लेखी मान्य करणारी विद्या रुक्ष कशी म्हणावी?

आणि न लिहिलेल्या आकड्याचं कधी काय होईल, सांगता येत नाही. १ मार्च १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब विभागात महिना तीस रुपयांवर एक कारकून लागला. तो रामानुजन. ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्याच कचेरीतले मुख्य लेखापाल एस. नारायण अय्यर तेवढे माहीत नसतात. ते गणित शिकलेले, आधी त्रिचनापल्लीच्या कॉलेजात गणित शिकवलेले. पुढे हिशेबात आले आणि तिथेच राहिले. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचं खजिनदारपण सांभाळून त्यांनी गणिताशी धागा राखला होता. रमणांसारखे ते परत गेले नाहीत, ‘रमण परिणामा’सारखा त्यांच्या नावाचा परिणाम नाही. पण आपल्या हाताखालचा कारकून कागदांवर काय खरडतो आहे, हे त्या कचेरीत त्यांना कळलं. संध्याकाळी पाट्या घेऊन ते त्याच्याबरोबर बसले आणि वरिष्ठांपुढे त्याची बाजू मांडली. केवळ हिशेब शिकलेला साहेब असता, तर कदाचित कामचुकार म्हणून रामानुजनचा शेरा खराब झाला असता.

नारायण अय्यरांच्या गणिताचा उपयोग काय झाला, हे त्यांनी कॉलेज सोडलं त्या दिवशी कोणी विचारलं असतं, तर त्यांनाही सांगता आलं नसतं. हिशेबाचं वर्ष एकतीस मार्चला संपतं, कारण कर भरायचा असतो, भागधारकांना उत्तर द्यायचं असतं. शिक्षणाची अशी मुदत कोणी ठरवलेली नाही. तेव्हा पंचविशीतल्या पोराला ‘काय उपयोग झाला’ असं विचारणाऱ्याने आपण कोणत्या तारखेचा ताळेबंद मागतो आहोत, ते आधी सांगावं. आणि त्या पोरानेही लगेच उत्तर द्यायच्या भरीस पडू नये. हातातली खाती नीट लिहावीत, आणि आपण पूर्वी शिकलेलं एखाद्या कागदावर अवचित समोर आलं, तर ते ओळखण्याइतकी नजर शाबूत ठेवावी.