रस्ता जिथे तुटतो

जेवणं उरकली आहेत. टीपॉय भिंतीशी सरकवा आणि महाराष्ट्राचा कागदी नकाशा जमिनीवर पसरा. घड्यांमुळे तो मध्येच वर उचलला जाईल. चार कोपऱ्यांवर हेल्मेट, हातमोजे, पाण्याची बाटली, जे हाताशी असेल ते ठेवा. फोन पालथा घाला. तो लागेल, पण आत्ता नाही. निघायचं परवा पहाटे आहे.

एका हाताचं बोट पुण्यावर ठेवा, दुसऱ्याचं गोव्यावर. मधे एक जाड रेघ आहे: सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी, मग आंबोली उतरून सावंतवाडी. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालात तर संध्याकाळी पाय समुद्रात. दुसरी जाड रेघ कोकणातून उतरते, ६६ क्रमांकाची, जुनी माणसं जिला अजून सतरा नंबरच म्हणतात. या दोन्ही रेघांकडे जरा वेळ नुसतं बघा. त्या रस्त्यांवरून तुम्ही कधी ना कधी गाडी चालवली आहे. कंटेनरच्या बाजूने पुढे जाताना काय होतं ते आठवा. आधी त्याच्या आडोशाला हवा एकदम पडते, गाडी आपसूक त्याच्याकडे ओढली जाते, आणि त्याच्या केबिनच्या पुढे डोकं काढलं की वारा छातीवर आदळतो. तेव्हा तुमचे खांदे कुठे होते? कानांच्या पाळ्यांजवळ. बहुधा आत्ताही तिथेच असतील. सोडा खाली.

हायवेला नावं ठेवायला आपण बसलेलो नाही. त्या कंटेनरवाल्याने तुमचं काही बिघडवलेलं नाही. तो कामावर आहे आणि तुम्ही रजेवर, एवढाच फरक. रजेवरच्या माणसाने कामावरच्या माणसाची वाट अडवू नये, इतक्या साध्या सौजन्याने जरी जाड रेघ सोडली तरी पुरे.

आता पुण्यावरचं बोट पश्चिमेकडे सरकवा. पौड, मुळशीचं धरण, ताम्हिणी. (पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी ताम्हिणीचं नाव काढू नका. त्या दोन दिवसांत हायवे बरा.) घाट उतरून निजामपूर, मग माणगाव. इथे जाड रेघ आडवी येते आणि ती ओलांडावीच लागते. माणगावच्या कोंडीत दहा मिनिटं जातील, कधी अर्धा तासही जाईल. इंजिनाचा ताप मांडीला लागेल. लागू दे. पलीकडे मोर्बा, म्हसळा, हरिहरेश्वर. पुण्यापासून इथवर पावणेदोनशे किलोमीटर धरा. आणि हरिहरेश्वराला लागूनच बागमांडला.

बोट थांबवा. इथे रस्ता संपतो.

पुढे निळी पट्टी आहे, सावित्रीची खाडी. पलीकडच्या काठावर वेशवी, आणि तिथून रस्ता पुन्हा सुरू होतो, जसं काही मधे घडलंच नाही. या तुटीवर बोट तसंच राहू द्या. आजच्या रात्री घाटाचा, पेट्रोलचा, मुक्कामाचा विचार होईलच. पण मला तुम्हाला आणायचं होतं ते इथे.

कोकणातल्या नद्या सह्याद्रीवरून निघतात आणि आखूड धाव घेत समुद्राला मिळतात. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या कुठल्याही रस्त्याला त्या एकेक करून ओलांडाव्याच लागतात. हायवे शहाणा आहे. तो आत, डोंगराच्या बाजूने जातो, जिथे नदी अजून पुलाच्या आवाक्यात असते. सावित्री तो महाडला ओलांडतो, वाशिष्ठी चिपळूणला, शास्त्री संगमेश्वरजवळ, तेरेखोल बांद्याला. तुमची बारीक रेघ मात्र समुद्र धरून चालली आहे, तेव्हा तिला त्याच नद्या भेटतात, पण मुखाशी, पाण्याने फुगलेल्या. सावित्री बागमांडल्याला. वाशिष्ठी दाभोळला. शास्त्री तवसाळ-जयगडला. तेरेखोल अगदी शेवटी, किल्ल्याखाली. चारही ठिकाणी रस्ता पाण्यापाशी येऊन उभा राहतो आणि गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीची वाट बघतो.

म्हणून त्या रस्त्यावर ट्रक नाहीत. आपण म्हणतो, वा, काय मोकळा रस्ता आहे, आणि वर म्हणतो, पण या फेरीबोटीत फार वेळ जातो बुवा. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. कुठल्याही मालवाहतूकदाराला तुटणारा रस्ता परवडत नाही, म्हणून तो तुम्हाला मोकळा मिळतो. तुम्ही ज्याला खोळंबा म्हणता, तोच त्या रस्त्याचा पहारेकरी आहे.

हे मला एकदम कळलं असं नाही. तवसाळच्या धक्क्यावर एकदा एका मिनिटाने बोट चुकली. उतारावरून खाली येत होतो तेवढ्यात तिची लोखंडी फळी वर उचलली गेली. मी हेल्मेट काढून टाकीवर आपटलं. मग काही करण्यासारखं नव्हतं म्हणून बसलो. इंजिन तापलेलं होतं, त्याची टिक्‌ टिक्‌ ऐकू येत होती. थंड होताना धातू आकसतो त्याचा आवाज. आधी भराभर, मग सावकाश, मग बराच वेळ काही नाही, आणि मला वाटलं संपलं तर आणखी एक टिक्‌. ती शेवटची टिक्‌ ऐकायला आपण हायवेवर कधी थांबलेलो नसतो. बोट परत आली तेव्हा मला उठावंसं वाटत नव्हतं.

फेरीबोटीत चढताना घाई नको. फळी ओली असते, वर बारीक वाळू. पुढचा ब्रेक दाबलात तर चाक सरकतं. पहिल्या गिअरमध्ये, पाय दोन्ही बाजूंना सोडून, सरळ. आत उभी केल्यावर मी न्यूट्रल टाकून उतरत होतो तर तिथला पोरगा म्हणाला, "गिअरात ठेवा दादा, नायतर चालंल ती." साइड स्टँड आणि पहिला गिअर. मग एक हात सीटवर ठेवून उभं राहायचं, आजारी माणसाच्या खाटेशी उभं राहतात तसं. गाडी तुम्हाला नेत नाही, तुम्ही गाडीला नेत नाही. दोघांनाही तिसरंच कुणी नेतं आहे. या दहा-पंधरा मिनिटांत श्वास आपोआप लांब होतो, मुद्दाम घ्यावा लागत नाही.

सावित्रीच्या मधोमध आल्यावर उजवीकडे समुद्र असेल. डावीकडे बघा, नदी जिथून येते तिकडे. वर महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, पुरात, या नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल कोसळला. दोन एसटी बसगाड्या आणि काही माणसं अंधारात गेली. पुढे कित्येक दिवस शोध चालला तो या खाडीपर्यंत. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला आणि आता त्यावरून जाताना काही जाणवतही नाही. आडवाटेने जाणाऱ्याला सगळ्यातून सुटल्यासारखं वाटतं. पण नदी तीच आहे. इथे एक क्षण बोलू नका.

वाशिष्ठी ओलांडताना दुसरी एक गोष्ट मनात असू द्या, ही हलकी आहे. महाबळेश्वराच्या पठारावरून सावित्री पश्चिमेला उतरते आणि कोयना दक्षिणेला जाते, मग पूर्वेला वळून कृष्णेला मिळते, बंगालच्या उपसागराची वाट धरते. पण कोयनेचं धरण बांधलं आणि तिचं बरंचसं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या या बाजूला काढलं, पोफळीला वीज केली आणि वाशिष्ठीत सोडून दिलं. म्हणजे दाभोळला तुमच्या बोटीखालून जाणारं काही पाणी खरं तर बंगालच्या उपसागराला निघालं होतं. त्यानेही वाट बदलली.

आता आकडेमोड. नकाशाच्या समासात पेन्सिलीने लिहा. या वाटेने गोवा सहाशे किलोमीटरच्या आसपास पडतो. ताशी सरासरी तीस, फार तर पस्तीस. हे वाचून ओठ मुडपू नका; वळणं, चढ, गावं, पाणंदीतून अचानक आलेली म्हैस, अंगावर येणारी एसटी, हे सगळं धरून तीसच पडतात. म्हणजे दिवसाला दीडशे किलोमीटर, चार दिवस. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला जातो, आणि कोकणातल्या आडरस्त्यावर अंधारात चालवणं हा पराक्रम नव्हे, हलगर्जीपणा आहे. तेव्हा पाचला मुक्कामी. मुक्कामाच्या घरी सकाळीच फोन करून किती माणसं जेवायला ते सांगायचं. न सांगता रात्री नऊला टपकलात तर भातही मिळणार नाही, आणि चूक त्यांची नसेल.

अर्धी टाकी झाली की रिकामी झाली असं समजा. शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या मुक्कामी विचारा, छापील वेळेवर विसंबू नका. दाभोळची शेवटची बोट चुकली तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला पोचायला दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा आहे, आणि त्यातला खेड-चिपळूण तुकडा म्हणजे तीच जाड रेघ, रात्रीची. फोनमधल्या नकाशाला "हायवे टाळा" सांगितलं की तो खरंच टाळतो, पण त्याला टाळण्यात तारतम्य नाही. मला त्याने एकदा आंब्याच्या बागेतून जांभ्या दगडांच्या गडग्यापर्यंत आणून सोडलं होतं. गडग्यापलीकडे घर, घरासमोर वाळत घातलेली आमसुलं, आणि पायरीवर बसलेल्या आजी. त्यांनी मला काही विचारलंच नाही. हाताने मागे जायची खूण केली आणि पुन्हा आमसुलं उलटायला लागल्या. माझ्यासारखे बरेच येत असावेत. चुकण्याच्या लाजेपेक्षा मला दुसरीच लाज वाटली. त्या अंगणापर्यंत मी केवढा आवाज करत आलो होतो.

ही लाज थोडी बरोबर घ्या. मोकळा रस्ता म्हणजे रिकामा रस्ता नव्हे. आपल्याला गर्दी नाही असं जे वाटतं ते आपल्यासारखे कमी आहेत म्हणून. केळशी, आंजर्ले, हर्णै या वाटेवर शाळा सुटते, बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन कडेने चालतात, हर्णैच्या बंदरावर लिलावाच्या वेळी अर्धा रस्ता टेम्पोंचा आणि टोपल्यांचा असतो. त्यांच्यासाठी तुम्ही म्हणजेच हायवेची गर्दी. बुलेटला फटाके फोडणारा सायलेन्सर बसवून शांततेच्या शोधात कोकणात उतरणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, इतका सरळ विरोधाभास सांभाळायला ताकद लागते. गाव आलं की तिसऱ्यावरून दुसऱ्यावर या. वळणावर हॉर्न एकदाच.

रत्नागिरीच्या पुढे बहुतेक खाड्यांवर पूल आहेत. पावस, पूर्णगड, जैतापूर, देवगड, आचरा, मालवण, वेंगुर्ला. नकाशावरचं बोट सरसर खाली जाईल, जाऊ द्या. तिथली मजा सांगायची नाही, ती घ्यायची आहे. शिरोड्याच्या पुढे रेडी. रेवस ते रेडी असा सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून महाराष्ट्राच्या बोलण्यात आहे, आणि उरलेल्या खाड्यांवर पूल बांधण्याची योजना आता कागदापुढे सरकली आहे. बागमांडल्याला, दाभोळला, जयगडला पूल होतील. व्हायलाच हवेत. दाभोळच्या बाईला बाळंतपणासाठी पलीकडे जायचं असेल तर तिने तुमच्या चिंतनासाठी बोटीची वाट का बघावी? हे स्वतःला एकदा स्पष्ट विचारा आणि उत्तर टाळू नका. पूल झाला की ट्रक येतील. तुमची वाट तेव्हा आणखी कुठे तरी तुटलेली असेल, आणि तुम्ही ती शोधाल, किंवा तोवर गुडघे म्हणतील पुरे.

पण परवा पहाटे अजून बोटी आहेत. समासात किलोमीटर लिहिले होते ते खोडा. त्या जागी एकाखाली एक चार नावं लिहा: सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, तेरेखोल. दिवसही चारच आहेत, पण प्रत्येक दिवसाला एक नदी येईल असं नाही. दुसऱ्या दिवशी दोन येतील, तिसऱ्या दिवशी एकही नाही. असू दे तसंच.

नकाशा गुंडाळू नका, राहू द्या पसरलेला. खाली पार्किंगमध्ये जा. चेनला वंगण आजच द्यायचं, निघताना दिलेलं पहिल्या दहा किलोमीटरांत रिमवर उडतं. जुनं वर्तमानपत्र चेनखाली अंथरा. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चालू इंजिनावर चेनला हात लावणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत. ब्रशने जुना चिखल काढा, फडक्याने पुसा. मग एका हाताने मागचं चाक मागे फिरवत दुसऱ्या हाताने एकेका कडीवर थेंब सोडा. कड्या शंभराहून जास्त असतात. मोजायची गरज नाही, जोडकडी डोळ्यासमोरून पुन्हा गेली की एक फेरा झाला. वॉचमन काका विचारतील, "कुठे, लांब?" सांगा त्यांना. आणि चाक फिरवत राहा.